इझी आउट सेट, पाच नगांचा : लोखंडाला झकास, प्लास्टिकला नुसती पाचर

तीन स्टार दिलेत आणि ते का ते सांगायला जरा लांबण लागणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा की तुटलेला लोखंडी बोल्ट काढायचा असेल तर हा सेट खुशाल घ्या, पण इंजिनात प्लास्टिकचं काहीतरी तुटून अडकलं असेल तर ह्या डब्याची चार दिवस वाट बघत बसू नका, घरातला जुना स्क्रू ड्रायव्हर आणि गॅसची शेगडी पुरते. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर साडेतीनशे रुपये आणि एक अख्खा रविवार वाचला असता.

तर झालं असं. बाबांची २०१२ ची स्प्लेंडर आहे आमच्याकडे, गाडी ठणठणीत आहे, तिचा ह्यात काडीचा दोष नाही हे आधीच लिहून ठेवतो. ऑइल बदलायचं काम बाबा घरीच करतात, दारात, जुना पेपर अंथरून, आणि त्या वेळी कुणी मधे बोललेलं त्यांना चालत नाही. उजव्या बाजूला क्लच कव्हरवर ते काळं प्लास्टिकचं झाकण असतं ना, ज्याला खाली ऑइल बघायचा काटा असतो, गॅरेजमधे ऑइल गेज म्हणतात त्याला, ते हाताने आवळायचं असतं, बास. पण त्याची ओरिंग, म्हणजे ऑइल बाहेर येऊ नये म्हणून असलेली रबरी कडी, कित्येक वर्षं बदललेली नव्हती, कडक होऊन चपटी झालेली, त्यामुळे तिथून ऑइल पाझरायचं, आणि पाझरतंय म्हणून बाबा दरवेळी पक्कड लावून अजून थोडं आवळायचे. वर्षानुवर्षं इंजिनच्या गरमीत राहून ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असणार. ह्या वेळी नवीन ऑइल टाकलं, पक्कड लावली, आणि टक्. डोकं बाबांच्या पक्कडीत, आट्यांचा भाग काट्यासकट कव्हरच्या आत.

"जुनं झालं होतं," बाबा म्हणाले. मी काही बोललो नाही.

टॉर्च मारून बघितलं तर आत अडकलेला तुकडा छोट्या वाटीसारखा दिसत होता, मधे पोकळ, भिंत जेमतेम दोन मिलीमीटरची, तळ बंद आणि तळाला खाली तो काटा. वरची कड वेडीवाकडी तुटलेली आणि कव्हरच्या तोंडापासून दोनेक मिलीमीटर खाली, म्हणजे नोज प्लायरने धरायलाही काही नाही, एकदा धरायचा प्रयत्न केला तर एक कपचा निघून हातात आला. तिथेच थांबलो. कारण त्या भोकाच्या खाली क्लच आहे आणि त्याच्या खाली ऑइल पंपाची जाळी, तुकडा आत पडला तर तो कुठे जाऊन बसेल ह्याचा नेम नाही, आणि लोखंडाचा तुकडा निदान चुंबकाने उचलता येतो, प्लास्टिकला चुंबक काय करणार.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधे विचारलं. तो म्हणाला क्लच कव्हर खोलावं लागेल, खोललं की पॅकिंग नवीन, नुकतंच टाकलेलं ऑइल परत काढायचं, आणि आटे खराब निघाले तर कव्हरच नवीन, सगळं मिळून अठराशेच्या पुढे धरा. खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही रिस्क घेतली नसती. पण सत्तर रुपयांच्या झाकणासाठी अठराशे हे बाबांना पटणं शक्य नव्हतं, आणि झाकण कुणी तोडलं हा विषय परत निघाला असता ते वेगळंच.

म्हणून हा सेट. ३४९ ला मिळाला, आला चौथ्या दिवशी. लाल प्लास्टिकचा डबा, आत एक ते पाच नंबरचे इझी आउट, प्रत्येकावर नंबर नीट ठोकलेला, डब्याच्या झाकणावर तक्ता छापलेला की कुठला नंबर केवढ्या बोल्टला, एक नंबर ३ ते ६ मिलीमीटरला आणि पुढे वाढत वाढत पाच नंबर १४ ते १८ ला. ज्यांनी कधी वापरला नसेल त्यांच्यासाठी, हे दिसायला उलट्या पिळाच्या स्क्रूसारखं असतं आणि खाली निमुळतं होत जातं. तुटलेल्या बोल्टच्या मधोमध ड्रिलने भोक पाडायचं, त्यात हे घालायचं आणि उलटं फिरवायचं. उलट्या पिळामुळे ते जितकं फिरवाल तितकं आत रुततं, आणि पुरेसं रुतलं की बोल्टच त्याच्याबरोबर फिरून बाहेर येतो. साधी आयडिया आहे पण भारी आहे.

फिरवायला हँडल मात्र सेटमधे नाही. वरचं टोक चौकोनी आहे, तिथे टॅप हँडल लागतं, दोन्ही हातांनी धरायचं ते. एका बाजूने पाना लावून फिरवलं तर इझी आउट तिरका होतो, आणि हे टूल कडक पोलादाचं असल्याने वाकत नाही, सरळ मोडतं. आणि बोल्टच्या आत इझी आउट मोडला तर मग देवच आठवा, कारण साधं ड्रिल त्याला खात नाही. हे कुठेतरी डब्यावर लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलेलं. एक स्टार तिथे गेला.

आता जे चांगलं आहे ते सांगतो. प्लास्टिकला हात लावायच्या आधी म्हणलं ट्रायल घेऊ, तर मागच्या मडगार्डचा एक सहा मिलीमीटरचा बोल्ट गेल्या पावसाळ्यात गंजून मोडलेला तसाच होता. ड्रिल घसरू नये म्हणून सेंटर पंचने मधोमध खूण मारली, तीनचं ड्रिल मारलं, दोन नंबर घातला, हातोडीने हलकेच दोन टिचक्या, आणि हँडल फिरवलं तर पहिल्यांदा काहीच नाही, मग थोडं गंज सोडवायचं तेल सोडून चहा पिऊन आलो आणि परत लावलं तर कुर्रकन आवाज होऊन सुटला. इतकं बरं वाटलं की मी तो मोडका बोल्ट दोन दिवस खिशात घेऊन फिरत होतो. इझी आउटच्या धारेला काही झालं नव्हतं. ह्या किमतीत एवढं मिळालं म्हणजे पैसे वसूल.

त्या जोशात रविवारी सकाळी गेजला लागलो. विकणाऱ्याने वर्णनात लिहिलंय की लोखंड, पितळ, लाकूड, प्लास्टिक सगळ्याला चालतो, आणि मला तर ड्रिल मारायचीही गरज नव्हती, वाटी आधीच पोकळ. पाच नंबर बरोबर बसला. फिरवायला लागलो. रुतला, छान रुतला, मला वाटलं आता फिरणार, तर फिरतोय कोण, इझी आउट. वाटी जागच्या जागी आणि आतून काळ्या प्लास्टिकचा कीस निघतोय, पेन्सिलला टोक करताना निघतो तसा. अजून जोर लावला, अजून कीस. तिसऱ्यांदा जोर लावल्यावर बारीकसा कट् आवाज आला आणि वाटीच्या भिंतीला उभी चीर गेली.

मग मामांना फोन. मामांनी तीस वर्षं उद्यमनगरात फिटरचं काम केलंय, ऑइल इंजिनचे पार्ट व्हायचे त्या शॉपमधे. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, शिवाजी उद्यमनगर म्हणजे आमच्याकडची लेथ, फाउंड्री आणि मशीन शॉपची वस्ती, इंजिनचं काहीही अडलं की माणूस आधी तिकडे वळतो. मी मोठ्या उत्साहात सगळं सांगितलं, कुठला नंबर, किती जोर, वगैरे.

"हातोडीच्या दांड्यात वरनं पाचर कशाला मारत्यात?" मामा.

"दांडा घट्ट बसावा म्हणून."

"मग तू काय करालायस सकाळपासनं?"

खरं सांगतो, फोन कानाला तसाच धरून मी त्या इझी आउटकडे बघत बसलो. निमुळतं टूल, पोकळ वाटीत, जितकं आत तितकी वाटी बाहेर फाकणार आणि आट्यात अजून घट्ट बसणार. लोखंडी बोल्टचं तसं होत नाही कारण तो भरीव असतो, भोक पाडलं तरी आजूबाजूला जाड मटेरियल उरतं, ते सहजी फुगत नाही. माझ्याकडे दोन मिलीमीटरची भिंत होती आणि मी अर्धा तास तिच्यात पाचर ठोकत होतो.

मी म्हणलं मग मामा, इंजिन चालू करून गरम करू का, गरम झाल्यावर ढिलं होईल, गॅरेजमधे अडकलेल्या बोल्टला तसंच करतात. तर म्हणाले अजिबात नको. कव्हर अॅल्युमिनियमचं आहे, आणि अॅल्युमिनियममधे लोखंडी बोल्ट अडकला तर गरम करायचं, कारण अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, जवळपास दुप्पट, म्हणून भोक मोठं होऊन बोल्ट सुटतो. प्लास्टिकचं उलटं आहे, साधं नायलॉन अॅल्युमिनियमच्याही तिप्पटीच्या आसपास फुगतं, म्हणजे गरम केलं की तेच जास्त आवळणार. गार पडू दे, रात्रभर राहू दे, सकाळी उठून कर. मामांनी ही तिप्पट-बिप्पट काही सांगितली नव्हती हां, ते फक्त म्हणाले "प्लास्टिक गरम झालं की सुजतंय", आकडे मी नंतर बघितले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण कुणाच्या तरी कामाला येईल.

आधी आतला कीस काढायचा. वाटीला तळ असल्याने तो सगळा वाटीतच पडला होता हे माझं नशीब. माचिसच्या काडीला ग्रीस लावून एकेक कण चिकटवून काढला, पंधरा मिनिटं गेली. फुंकर मारायची नाही, चिरेतून आत जाईल. गाडी मेन स्टँडवर न ठेवता डावीकडे साइड स्टँडवर झुकवून ठेवली म्हणजे ऑइल पण तिकडे जातं आणि भोकही वर येतं.

मग स्क्रू ड्रायव्हर. मोठ्या चपट्या पात्याचा, टाकून द्यायच्या लायकीचा, ज्याचं पातं वाटीच्या आतल्या मापापेक्षा केसभर मोठं आहे. माझ्याकडचा जरा जास्तच रुंद होता, कानशीने दोन्ही कडा घासून बरोबर केला. तो स्वयंपाकघरात गॅसवर तापवायचा, गाडीजवळ नाही, गाडीजवळ ज्योत नको म्हणजे नकोच, वर पेट्रोलची टाकी आहे आणि हे भोक ऑइलचं आहे, पेट्रोलचा कॉकही बंद करून ठेवला होता मी. किती तापवायचा तर पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे आणि त्याच्यावर थोडा अजून, पण लाल करायचा नाही. लाल केला तर प्लास्टिक वितळून पातळ होतं, आट्यात पसरतं आणि मग ते खरवडत बसा.

तापलेलं पातं वाटीत सरळ दाबायचं, चार-पाच मिलीमीटर, म्हणजे दोन्ही बाजूच्या भिंतीत दोन खाचा पडतात. खाचा भिंतीच्या आरपार जाता कामा नयेत, पलीकडे कव्हरचे आटे आहेत. आणि आता सगळ्यात अवघड भाग, हलवायचं नाही. तसंच धरून ठेवायचं. प्लास्टिक पात्याभोवती परत घट्ट होईपर्यंत, आणि गरमीने जे सुजलंय ते उतरेपर्यंत. मी पंधरा मिनिटं उकिडवा बसून स्क्रू ड्रायव्हर धरला होता, शेजारचे दोघं येऊन काय करतोयस विचारून गेले, तिसऱ्याला मी उत्तरच दिलं नाही.

पहिल्या वेळी फिरवलं तर एक अष्टमांश वळसा फिरलं असेल आणि चिरेकडची खाच सुटली. शिव्या आल्या तोंडात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत, ह्या वेळी आधीच्या खाचांना काटकोनात नवीन खाचा, चीर टाळून, जरा जास्त खोल, आणि धरायचं काम बाबांना दिलं. अर्धा तास त्यांनी धरला, हू का चू न करता. मग मी खालीवर दाब देत हळूहळू उलटं फिरवलं, कर्र, पाव वळसा, थोडं परत सुलटं, परत उलटं, अर्धा वळसा, आणि मग एकदम हलकं झालं आणि काट्यासकट अख्खा तुकडा वर आला, टोकाला ताजं ऑइल लागलेलं. त्या इवल्याशा तुकड्याकडे आम्ही दोघं असे बघत होतो जसं काय दातांच्या डॉक्टरने अक्कलदाढ काढून हातात दिलीय.

इथे संपलं असं समजू नका. पेपरवर पक्कडीतलं डोकं, निघालेला तुकडा आणि आधी निघालेला कपचा असं सगळं जुळवून बघितलं, फुटलेली कपबशी जुळवतात तसं, कारण एखादा तुकडा कमी असेल तर तो इंजिनात आहे असंच धरायला पाहिजे. एक कमी होता. नखाएवढा. बाबा एकदम गप्प. टॉर्च, आरसा, परत टॉर्च, गॅरेजवाल्याचे अठराशे डोळ्यासमोर दिसायला लागले, आणि शेवटी तो सापडला पक्कडीच्या दातात चिकटलेला. तेव्हा पक्कड धुवायच्या आधी तिचे दात बघा.

कव्हरचे आटे स्वच्छ होते, थोडंसं वितळलेलं प्लास्टिक पहिल्या आट्यात होतं ते बांबूच्या काडीने बाहेरच्या बाजूला ओढून काढलं आणि रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसलं. नवीन ओरिजिनल गेज ओरिंगसकट सत्तर रुपयांना. दुकानदार ते रंगीत अॅल्युमिनियमचं झाकण घ्या म्हणून मागे लागला होता, लाल निळं असतं ते, दिसतं भारी, पण त्याच्यातल्या काहींना काटाच नसतो, मग ऑइल कसं बघायचं, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात पक्कड आहे. प्लास्टिकचं झाकण तुटलं तर सत्तर रुपये जातात, अॅल्युमिनियमचं झाकण पक्कडीने आवळलं तर उद्या कव्हरचेच आटे जातील. जाता जाता अजून एक, ऑइल बघताना गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला, इंजिन तीनेक मिनिटं चालवून बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि काटा पुसून नुसता टेकवायचा, आटे फिरवून आवळायचा नाही, स्प्लेंडरला असंच बघायचं असतं. आम्ही इतकी वर्षं आवळून बघत होतो, म्हणजे दरवेळी काटा जास्त खोल जायचा आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसायचं. हेही ह्याच भानगडीत कळलं.

आता परत सेटकडे. प्लास्टिकला हा कधीच चालत नाही असंही नाही. मामा म्हणाले तुकडा भरीव असेल आणि फार घट्ट नसेल तर निघतो, आणि पोकळ असेल तर पिळाचा नको, सरळ धारेचा किंवा चौकोनी इझी आउट घ्यावा, तो कमी फाकवतो. ह्या सेटमधे सगळे पिळाचेच आहेत. आणि एका मित्राच्या कारच्या टेंपरेचर सेन्सरचं प्लास्टिकचं डोकं तुटलं होतं तेव्हा मी हुशारी दाखवायला हाच सेट घेऊन गेलो, तर तिथे आट्यांचा भाग पितळेचा आणि त्याला बाहेरून षटकोन शाबूत, साधा सॉकेट लावला आणि निघाला, डबा उघडायचीही वेळ आली नाही. म्हणजे आधी नीट बघा की आत अडकलंय ते प्लास्टिक आहे का धातू, भरीव आहे का पोकळ, आणि मगच खरेदीचं बटण दाबा.

फेविक्विकने काडी चिकटवून फिरव असा सल्ला मला तीन जणांनी दिला होता. ऑइल लागलेल्या नायलॉनला ते चिकटत नाही, मी करून बघितलंय, बोटाला मात्र चिकटतं.

डब्याची क्वालिटी सुमार, बिजागरी दुसऱ्या दिवशी गेली, आता रबर लावून बंद करतो. इझी आउटचं पोलाद मात्र किमतीच्या मानाने चांगलं आहे. विकणाऱ्याने वर्णनातून प्लास्टिक हा शब्द काढला आणि टॅप हँडल दिलं तर चार स्टार देईन. परत केला नाही, करणारही नाही.

मामा गेल्या आठवड्यात आले होते. सेट हातात घेऊन नंबर बघितले, धारेवरून अंगठा फिरवला, "असलं काय बी घेत जाऊ नको" म्हणाले, आणि जाताना पिशवीत टाकून घेऊन गेले. अजून परत आलेला नाही.